तुमचे प्रश्न: स्टार पाहुणचाराला मिळतात, गिझरला नाही

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की प्रवासात हॉटेलऐवजी चार-पाच दिवसांसाठी कोणाचं तरी घर भाड्याने घेणार असाल तर आधी नीट बघून घ्या, बास एवढंच, आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्याच विषयाला देतेय. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही दोघं, दोन लहान मुलं आणि सासूबाई असे पहिल्यांदाच एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या ॲपवरून पूर्ण घर घेतोय. घराला ४.९ रेटिंग आहे आणि होस्टला, म्हणजे घर देणाऱ्याला, ॲपचा सुपरहोस्ट हा बॅज आहे. मग आता बिनधास्त जायला हरकत नाही ना?

जा, नक्की जा, पण ते ४.९ म्हणजे नेमकं काय ते आधी समजून घ्या. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरच्या लाखो घरांची रेटिंग्ज तपासली होती, त्यात जवळजवळ ९५ टक्के घरांचं सरासरी रेटिंग साडेचार किंवा पाच स्टार निघालं. सगळा वर्गच पहिला आला तर त्या नंबरावरून काय कळणार? आणि असं का होतं तेही कळण्यासारखं आहे, ज्या माणसाने आपल्याला किल्ली दिली, रात्री मेसेज केला तर उत्तर दिलं, त्याला तीन स्टार द्यायला जीव धजत नाही. पूर्वी तर आपण वाईट लिहिलं की होस्टही आपल्याबद्दल वाईट लिहील अशी भीती असायची, म्हणून २०१४ पासून त्यांनी पद्धत बदलली, दोघांनीही लिहिल्याशिवाय किंवा १४ दिवस उलटल्याशिवाय कोणाचाच रिव्ह्यू दुसऱ्याला दिसत नाही. भीती गेली पण भिडस्तपणा राहिलाच.

सुपरहोस्टचं म्हणाल तर त्याच्या अटी दर तीन महिन्यांनी तपासतात: रेटिंग किमान ४.८, मेसेजना किमान ९० टक्के वेळा उत्तर, बुकिंग रद्द करण्याचं प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी, आणि वर्षभरात पुरेशी बुकिंग्ज. म्हणजे हा माणूस ऐनवेळी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही याची बऱ्यापैकी खात्री धरा, त्या दृष्टीने तो बॅज खरंच कामाचा आहे. पण या अटींमध्ये गॅसचा पाइप कोणी बघितलाय असं कुठेही नाही. पाहुणा रिव्ह्यू लिहितो तो त्याला जे दिसलं त्यावर, चादरी स्वच्छ होत्या, फोटोत होतं तसंच घर होतं, वायफाय चांगलं होतं. जे दिसत नाही त्यावर कोण लिहिणार, आणि माणसाच्या जिवाशी खेळ होतो तो बहुतेक वेळा त्या न दिसणाऱ्या गोष्टींमुळेच.

मला स्वतःला आलेला अनुभव सांगते, नाव-गाव नाही सांगत कारण होस्ट बाई मनाने चांगल्या होत्या. घर सुंदर, रिव्ह्यू एकाहून एक. आंघोळीला गेले तर बाथरूममध्येच गॅसचा गिझर, आणि वरची हवेची जाळी आतून पुठ्ठा लावून वर चिकटपट्टी मारून बंद केलेली. पुठ्ठा जुना होता, कडा पिवळ्या पडलेल्या, म्हणजे माझ्याआधी कितीतरी जण त्याच्याखाली आंघोळ करून पाच स्टार देऊन गेले असणार. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, थंडी येते म्हणून पाहुणेच तक्रार करत होते हो. मग हॉलमधला अलार्म बघितला तर त्यात बॅटरीच नाही. मी गिझर बंद केला, पुठ्ठा काढला आणि राहिलेले दिवस गार पाण्याने आंघोळ केली.

हे एवढं लांबवून सांगते कारण अशा गिझरमधून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी गॅसला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत असलेल्या माणसाला तर जागही येत नाही. २०२२ मध्ये मेक्सिको सिटीत असंच थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या फ्लॅटमध्ये तीन अमेरिकन पर्यटक या गॅसने गेले. गिझर, बॉयलर, शेगडी, जनरेटर, घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, इंधन जळतं आणि हवा नीट खेळत नाही अशा कुठल्याही जागी तो तयार होतो. आणि एक मोठा गैरसमज असतो, धुराचा अलार्म हा गॅस पकडत नाही, त्यासाठी वेगळा कार्बन मोनॉक्साईड अलार्म लागतो. घराच्या माहितीत दोन्ही अलार्म आहेत का ते लिहिलेलं असतं, नसेल तर होस्टला मेसेज करून विचारा, आणि पोचल्यावर टेस्टचं बटण दाबून आवाज येतो का ते बघाच. मी तर आता बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म बॅगेतच टाकते, साबणाच्या डबीपेक्षा जरासा मोठा असतो. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं, ताप नाही, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं तर खिडक्या उघडत बसू नका, आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि तिथल्या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

मुलं आहेत म्हणून बाल्कनीच्या कठड्यातली फट आणि पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आहे का तेही आधीच विचारून घ्या. सासूबाईंसाठी रात्री बाथरूमपर्यंत दिवा आणि जिन्याला धरायला कठडा आहे ना ते बघा.

प्रश्न: मला एक घर आवडलं, होस्टशी चॅट केलं, तो म्हणतोय ॲप कमिशन घेतं त्यापेक्षा थेट बँकेत पैसे टाका, २० टक्के कमी करतो. फोटो वगैरे सगळं खरं वाटतंय. काय करू?

करू नका. ॲपमधून पैसे भरले की ते लगेच होस्टच्या हातात जात नाहीत, एअरबीएनबी साधारणपणे तुम्ही पोचल्यानंतर २४ तासांनी होस्टला पैसे सोडतं, आणि ते मधले तास हेच तुमचं खरं संरक्षण आहे. दार बंद निघालं, घरच नसलं, फोटोतलं घर भलतंच निघालं तर पैसे अडवायला कोणीतरी मध्ये असतं. थेट बँकेत टाकलेत की तो मधला माणूसच तुम्ही काढून टाकलात, मग कंपनी म्हणते हे बुकिंग आमच्याकडचं नाहीच, आणि ते खरंच असतं. २० टक्क्यांसाठी हे करू नका हो.

फोटो खरे वाटणं याला काहीच अर्थ नाही, विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले फोटोसुद्धा खरेच असतात, फक्त घर त्याचं नसतं. फोटो गुगलवर टाकून तो आणखी कुठे कुठे आहे ते शोधून बघा, तोच हॉल दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने सापडला तर तिथेच थांबा. दुसरी एक युक्ती पण चालते, तुम्ही पोचायच्या तासभर आधी मेसेज येतो की पाइप फुटलाय, आमचं दुसरं घर आहे तिथे जा, आणि ते दुसरं घर कसलं निघेल सांगता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत अशी टोळी उघडकीला आली, त्यानंतर एअरबीएनबीने सगळी घरं पडताळून बघण्याची घोषणा केली. असा मेसेज आला तर दुसऱ्या घरी जाऊ नका, ॲपमधूनच मदत मागा.

आणि आता तर ॲपमधला मेसेजसुद्धा डोळे झाकून खरा मानायचे दिवस राहिले नाहीत. बुकिंग डॉट कॉम या हॉटेल बुकिंगच्या साइटवर असं झालंय, चोरांनी हॉटेलवाल्यांची लॉगिन चोरली आणि त्यांच्याच खऱ्या चॅटमधून पाहुण्यांना लिहिलं की तुमचं कार्ड व्हेरिफाय करा नाहीतर बुकिंग रद्द होईल, खाली लिंक. नाव खरं, तारखा खऱ्या, बुकिंग नंबर खरा, फक्त लिंक खोटी. म्हणून चॅटमधल्या लिंकवर कार्डाचा नंबर कधीच टाकायचा नाही, पैसे भरायचे असतील तर ॲपच्या स्वतःच्या पेमेंट पानावर जाऊनच.

प्रश्न: मी कामासाठी एकटी फिरते. कॅमेऱ्याची खूप भीती वाटते, आणि रात्री कोणाकडे दुसरी किल्ली असेल याचीही. कशी काळजी घेऊ गं ताई?

तुझी भीती अजिबात उगाच नाहीये. ३० एप्रिल २०२४ पासून एअरबीएनबीवर घराच्या आत कुठेही कॅमेरा लावायला बंदी आहे, आधी सांगून लावला तरीही चालत नाही. बाहेरचा कॅमेरा चालतो पण तो कुठे आहे ते बुकिंगच्या आधी सांगायला लागतं. म्हणजे घरात कॅमेरा सापडला तर "माहितीत लिहिलं होतं की" ही सबब आता चालत नाही.

पोचलीस की बॅग उघडायच्या आधी पंधरा मिनिटं यासाठी काढ. पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड करून काय काय ठेवलंय ते बघ, घड्याळ, चार्जर, धुराचा अलार्म, आणि त्यातली कुठली वस्तू तिथे असायचं काही कारण नाही. मग दिवे बंद करून टॉर्च डोळ्याजवळ धरून हळूहळू फिरव, लेन्स असेल तर बारीक ठिपक्यासारखी चमकते. घराच्या वायफायवर कुठली उपकरणं जोडलीत ते दाखवणारी ॲप्स मिळतात, ती वापर पण त्यावर सगळा भरवसा ठेवू नकोस, मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा त्यात दिसतच नाही. काही सापडलं तर हात लावू नकोस, फोटो काढ, बाहेर पड, आधी पोलीस आणि मग ॲप.

किल्लीचं म्हणशील तर दुसरी किल्ली असतेच असं धरूनच चाल, साफसफाईवाल्यांकडे, होस्टकडे, कधी आधीच्या पाहुण्याने कोड लिहून ठेवलेला असतो. नंबरवाल्या लॉकचा कोड प्रत्येक पाहुण्यानंतर बदलता का हे बुकिंगच्या आधी विचार, उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर बघ. आतून कडी किंवा साखळी आहे का, फोटोत दिसत नसेल तर विचार. दाराखाली सरकवायची रबराची पाचर मिळते, वजन नसल्यासारखंच आहे आणि बाहेरून दार ढकललं तर घट्ट अडकते. फक्त रात्री घाईत बाहेर पडायला लागलं तर ती काढता येते ना ते एकदा करून बघ. आणि शक्यतो उजेडात पोच.

प्रश्न: फोटोत दोन बेडरूम होत्या, गेलो तर एकच. होस्ट फोन उचलेना. भांडण नको म्हणून राहिलो आणि घरी आल्यावर तक्रार केली तर उशीर झाला म्हणाले. बरोबर आहे का हे?

वाईट वाटलं वाचून, पण नियम तसाच आहे. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवायला लागतं, आधी होस्टला आणि मग कंपनीला. पुढच्या वेळी दारातून आत शिरल्या शिरल्या सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढा, होस्टला फोन न करता ॲपवरच लिहा म्हणजे वेळेसकट नोंद राहते. यात भांडण काहीच नाही. निघतानाही तसाच व्हिडिओ काढा, नंतर कोणी म्हणालं टेबल तुम्ही तोडलं तर तो उपयोगी पडतो.

प्रश्न: काही शहरांत अशी घरं बंद होतायत असं वाचलं. आमचं बुकिंग रद्द होऊ शकतं का?

होऊ शकतं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी होस्टने नोंदणी करून स्वतः त्याच घरात राहायला लागतं, आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटक फ्लॅटचे सगळे परवाने संपवायचं जाहीर केलंय. युरोपियन युनियनचा यावरचा नवा नियम २० मे २०२६ पासूनचा आहे, जिथे नोंदणीची पद्धत आहे तिथे नंबर जाहिरातीत दिसायला हवा. म्हणून जिथे जाताय तिथे नोंदणी लागते का बघा, लागत असेल आणि नंबर नसेल तर ते घर सोडा.

प्रश्न: मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. माझं एक घर मी पाहुण्यांना देतो. हल्ली लोक इतके प्रश्न विचारतात की चोर असल्यासारखं वाटतं. तुमच्यासारखे लोक त्यांना अजून घाबरवतात.

दादा, तुमचा राग समजते, पण विचार करा, तुमच्या घरात एक कुटुंब गाढ झोपणार आहे आणि त्यांनी तुम्हाला आयुष्यात कधी बघितलेलं नाही. ते विचारतायत ते तुमच्याबद्दल नाही, त्या घराबद्दल. त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाका ना, गिझरची सर्व्हिसिंग कधी झाली, कोड कधी बदलला, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, आणि हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि किल्ली द्यायला स्वतः जात असाल तर दोन्ही अलार्मचं बटण त्यांच्यासमोर एकदा दाबून दाखवा, आवाज मोठा येतो, लहान मुलं दचकतात, पण त्या रात्री आईवडील शांत झोपतील.