टॅटू, रिट्रीट आणि बँडला मराठी शब्द

प्रश्न असा आला आहे: ‘डिसेंबरात नौदल दिनाच्या निमित्ताने गेटवेला बीटिंग रिट्रीट आणि टॅटूचा कार्यक्रम असतो. भाच्याला घेऊन गेले, तर तो विचारत बसला, मावशी, इथे टॅटू काढून देणार का? मला उत्तर देता येईना. हा टॅटू कुठला? आणि लष्करी बँडला मराठीत वाद्यवृंद म्हटलं तर चालेल का?’

भाच्याचं काही चुकलेलं नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात. कातडीवरचा टॅटू पॉलिनेशियातल्या बेटांवरचा, मूळ उच्चार ‘तताउ’च्या जवळचा, खलाशांबरोबर आलेला. आपल्याकडे त्याला गोंदण हा चांगला शब्द होताच. गेटवेवरचा टॅटू मात्र डच आहे आणि त्याचा संबंध दारूच्या पिंपाशी आहे. सतराव्या शतकात तिकडच्या फौजांचा तळ गावात पडला, की संध्याकाळी ढोलवाला रस्त्यांतून ढोल बडवत फिरायचा. तो आवाज आला की गुत्तेवाल्याने पिंपाची तोटी बंद करायची आणि शिपायांनी मुकाट्याने मुक्कामी परतायचं. ‘टॅप टू’, म्हणजे तोटी बंद! पुढे त्या ढोलाभोवती कवायत, मशाली, आतषबाजी जमत गेली आणि टॅटू हा सोहळा झाला. भाच्याला एवढंच सांगा, की हा गुत्ता बंद झाल्याची दवंडी पिटण्याचा कार्यक्रम आहे. (ताईंना हे उत्तर आवडेलच असं नाही.)

रिट्रीटचंही तसंच. शब्दकोशात ‘माघार’ सापडते म्हणून कुणी ‘माघारीचा ढोल’ म्हणेल, तर नौदलावर अन्याय होईल. सूर्य मावळला की शिपायांना छावणीत बोलवायचं, निशाण उतरवायचं, त्यासाठीचा हा इशारा. ‘बीटिंग’ त्या ढोलाचं. माझ्यापुरतं मी ‘परतीचा नगारा’ असं भाषांतर करून ठेवलं आहे. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात होतो तो सोहळाही हाच.

इथे मला आपला ‘नौबत’ आठवतो. मूळ अरबी अर्थ पाळी, खेप, पहाऱ्याची पाळी. ठरावीक वेळांना किल्ल्यावर वा वाड्यावर नगारे वाजत, म्हणून त्या वाजण्यालाच नौबत म्हणू लागले. रायगडावरचा नगारखाना आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. वाजणं संपलं, पाळी उरली, आणि आज ‘लोकल चुकली, चालत जाण्याची नौबत आली’ असं म्हणताना कुणाला नगारा ऐकू येत नाही. बिगूलही बघा. लॅटिनमधल्या बैलाच्या पोराच्या नावावरून तो आला, कारण आधी ते जनावराचं शिंगच होतं. आपलं रणशिंग तरी दुसरं काय? शिंग गेलं, पितळ आलं, नाव तेच राहिलं. बिगुलाला चाव्या नसतात, मोजकेच स्वर निघतात. गाणं वाजवण्यापेक्षा उठा, जेवा, झोपा हे सांगायला ते वाद्य पुरतं.

म्हणजे या नावांत मुळात संगीत जवळजवळ नाहीच, सगळा फौजेचा दिनक्रम आहे. आणि खुद्द ‘बँड’? त्याचा जुना अर्थ टोळी, तुकडी, एकत्र निघालेली माणसं. वाजवणाऱ्यांची तुकडी हा अर्थ नंतरचा. आता वाद्यवृंदाकडे या. मला तो शब्द इथे पटत नाही. वृंद म्हटलं की आकाशवाणीच्या स्टुडिओत खुर्च्यांवर बसलेली मंडळी डोळ्यांसमोर येतात. बँड चालतो. मिनिटाला सुमारे १२० पावलांची चाल सांभाळत वाजवतो, आणि लढाईत याच लोकांनी जखमींची स्ट्रेचरं उचललेली आहेत. त्याला शब्द हवा ‘पथक’. मराठ्यांच्या फौजेत पथक म्हणजे एका सरदाराच्या हाताखालचं घोडदळ; आज गिरगावात ढोलताशा पथक म्हणतो ते तिथूनच. टोळीचा बँड झाला तसेच आपल्या स्वारांचे ढोलवाले झाले. तेव्हा औपचारिक लिहायचं तर ‘नौदलाचं वाद्यपथक’.

ही माणसं पेशाने वादक कधी झाली, तेही थोडक्यात. अठराव्या शतकात युरोपातल्या फौजांनी तुर्कांच्या जानिसारी पथकांचं बघून मोठा ढोल आणि झांजा उचलल्या. इंग्रजांच्या पलटणींत बराच काळ बँडचा खर्च अधिकारी आपल्या खिशातून करत, बँडमास्तर बाहेरून आणत. त्यामुळे प्रत्येकाचा सूर वेगळा. क्रिमियाच्या युद्धात राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात सगळ्यांनी मिळून राष्ट्रगीत वाजवलं आणि त्याची पार दैना झाली, असं सांगतात. १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉलला लष्करी संगीताची शाळा निघाली. आपल्या भूदलाची शाळा पचमढीला, १९५० पासून. नौदलाची तर आपल्या कुलाब्यातच, आयएनएस कुंजली इथे. नाव कालिकतच्या सामुरी राजाच्या कुंजली मरक्कार या आरमारप्रमुखाचं. गेटवेवर तुम्ही ऐकलेले वादक रोजचा रियाज करतात तो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

‘बँडबाजा’तला बाजा आपला नाही. हिंदीत बाट, बीस, बजना. मराठीत वाट, वीस, वाजणे. मराठी शब्द असता तर त्याला ‘व’ असता, जसा वाजंत्रीला आहे. हिंदीतून आलेला बाजा आपण पेटीलाही लावला, ‘बाजाची पेटी’. लग्नातल्या बँडवाल्यांच्या खांद्यावरच्या सोनेरी झुलपट्ट्या आणि तुऱ्याची टोपी मात्र थेट पलटणीतून उतरलेली आहे. ‘पलटण’ हाही बटालियन किंवा प्लॅटून यांतून घडलेला शब्द.

म्हणून बोलताना सरळ बँडच म्हणा. वांद्र्याच्या बँडस्टँडला कुणी वाद्यपथक-चौथरा म्हणत नाही, म्हणू नये. आणि परीक्षेत कुणाचा बँड वाजतो तेव्हा तिथे तर दुसरा शब्द चालणारच नाही.