नवीन केसचा फॉर्म उघडण्याआधी

ताई, मदतीसाठी येणाऱ्या बायकांच्या केसेस नोंदवायच्या या सिस्टीमची धास्ती घेऊ नका. सुरुवातीला मोजक्या गोष्टी सांभाळल्या तरी पुरे. रेफरल (म्हणजे केस दुसरीकडे पाठवणं), रिपोर्ट नंतर बघू.

‘नवीन क्लायंट’ दाबण्याआधी शोध घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, असं सर्रास असतं. कुठे ‘वळवी’, कुठे ‘वलवी’. म्हणून नाव, मोबाईल, गाव अशा तिन्हींनी शोधा. नाहीतर एकीच्याच दोन फायली होतात आणि आधीची हकीकत नजरेआड राहते.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- मोबाईल कोणाचा, हे विचारत नाहीत. नवऱ्याचा असेल तर तसं लिहा, फोन कधी केलेला चालेल तेही लिहा. भलत्या वेळी गेलेल्या फोनपायी मार तिला बसतो.
- पत्ता गावापाशी थांबवतात. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्याकडे पाडा लिहिल्याशिवाय घर सापडत नाही.
- जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी ठोकून देतात. अंदाजे वय टाका आणि ‘अंदाजे’ अशी नोंद करा.

माहिती कुठे जाणार, कोण बघणार, हे तिच्या बोलीत समजावून आधी संमती घ्या. ती बोलत असताना स्क्रीनकडे नाही, तिच्याकडे बघा. सगळे रकाने पहिल्याच भेटीत भरायचा अट्टाहास नको. जिवाला धोका दिसला तर फॉर्म तसाच सोडा, आधी ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावा.

अडलात तर ड्राफ्ट सेव्ह करून मला हाक मारा.