गहू बंद, हाताशी पैसा कमी: सीलियाक असलेल्या मुलीचं जेवण घरच्या घरी कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठ वर्षांची, सीलियाक निघालाय (गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या चिकट प्रथिनाने आतड्याला जखम होणारा आजार), डॉक्टरांनी गहू जन्मभर बंद सांगितलाय. औंदा पाऊस गेला, कामाचा भरवसा नाही, आणि पाकिटातलं ‘ग्लूटेन-फ्री’ पीठ परवडत नाही. घरात बाकीच्यांना रेशनचा गहू खावाच लागतो.

ते पाकिटातलं पीठ आणूच नका. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, सगळ्या डाळी आणि हुलगे यांत मुळातच ग्लूटेन नसतं. मराठवाड्याच्या घरात हे सगळं ओळखीचं आहे. खर्च करायचाच असेल तर तो गहू वेगळा ठेवण्यावर करा, कारण या आजारात काय शिजवलं यापेक्षा त्यात काय मिसळलं, तिथेच घोळ होतो.

किती कणभर गहू चालतो, याचा हिशोब आधी डोक्यात बसवा. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात शेकडा 8 ते 10 ग्लूटेन धरा. एक चमचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम गव्हाचं पीठ एक किलो ज्वारीच्या पिठात पडलं, तर ते अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम झालं, मर्यादेच्या दहा पटींहून जास्त. आणि गावच्या गिरणीत दगडांच्या फटीत, वरच्या टोपात, तोंडाला बांधलेल्या कापडात आदल्या दळणाचं पीठ चमचाभर नाही, मुठीने उरतं. ‘आधी दोन किलो ज्वारी दळून काढा, मग हिची टाका’ हा उपाय बरेच जण सांगतात. त्याने गहू कमी होतो, जात नाही. गव्हाचं दळण चालणाऱ्या गिरणीतलं पीठ मी तिच्यासाठी धरणारच नाही.

मग पीठ कुठून आणायचं? घरात जातं पडून असेल तर तेच काढा. त्यावर पूर्वी गहू भरडला असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, दगडाला बारीक छिद्रं असतात. जात्याला टाकी लावून (छिन्नीने टोचून) घ्या म्हणजे वरचा थर निघेल, मग पहिला अर्धा किलो तांदूळ दळून तो गुरांना घाला. जातं नसेल तर मिक्सरवर करा. चटणीच्या भांड्यात एका वेळी 150 ते 200 ग्रॅम कोरडी ज्वारी, 40 सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा 40 सेकंद. तिच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या चाळणीने चाळा. खाली पडेल ते पीठ, वर राहील त्या कण्या, वाया काहीच नाही. पाच-सहा घाण्यांनंतर मोटर गरम होते, तेव्हा वीस मिनिटं थांबा. पीठ कोमट लागत असेल तर ताटात पसरून गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आत पाणी सुटून कुबट वास येतो. ज्वारी धुऊन घेतली असेल तर ती खडखडीत वाळलेली हवी. किंचित ओल असली तरी पात्याखाली लगदा बसतो.

मिक्सरचं पीठ गिरणीइतकं बारीक होत नाही, त्यामुळे भाकरी थापताना कडा फाटतात. पीठ जुनं होऊन विरी (चिकटपणा) गेली तरी तेच होतं. दोन्हीला उपाय एकच: उकड. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी मिठासकट खळखळ उकळा, गॅस बंद करा, पीठ टाकून हलवा, सात-आठ मिनिटं झाकून ठेवा, मग हात ओला करून चांगलं मळा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, तो ग्लूटेनचं काम करतो. शाळेच्या डब्यात मऊ पोळीसारखं काही हवं असेल तर याच उकडीत दोन वाट्यांना एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला. ती दुपारपर्यंत वाळत नाही. बाजारातले महागडे चिकटपणाचे पदार्थ लागत नाहीत.

दळणच नको असेल तर धिरडी. दोन वाट्या ज्वारी, अर्धी वाटी उडीद डाळ, एक चमचा मेथी, आठ-दहा तास भिजवा, पाणी घालून वाटा, रात्रभर आंबवा. उन्हाळ्यात पाच-सहा तासच पुरे, नाहीतर फार आंबट होऊन पीठ तव्याला चिकटतं. तसं झालंच तर मूठभर बेसन आणि कांदा-मिरची घालून सावरा. आंबवण्याचा अजून एक फायदा: ज्वारीतलं लोह अंगी लागतं, आणि सीलियाकच्या मुलांत रक्त कमी असणं नेहमीचं असतं.

ज्वारी कोणती घ्यायची, यातही पैसे वाचतात. शाळू, मालदांडी चांगली, पण महाग. ती फक्त भाकरीला ठेवा. खरिपाची हायब्रीड ज्वारी स्वस्त पडते. तिची भाकरी काळपट होते, पण कण्या, आंबील, धिरडी यांत काही फरक कळत नाही. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, वीस-पंचवीस मिनिटं, वरून ताक. हेच अंबाडीच्या भाजीत घातलं की पूर्ण जेवण होतं. घेताना मोंढ्यातल्या उघड्या ढिगातून नको. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मार्च-एप्रिलमध्ये, नवा माल आल्यावर, तीन-चार महिन्यांची घ्या. विचारून घ्या की मळणी गव्हानंतर त्याच मशीनवर झाली का. झाली असेल तर जास्त निवडावी लागेल. गव्हाचा दाणा लांबट असतो, ताटात पसरलं की ज्वारीत लगेच दिसतो. दोन पाण्यांनी धुवा, गहू वाळवलेल्या कापडावर किंवा गच्चीवर नाही, वेगळ्या स्वच्छ कापडावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा. गव्हाच्या जुन्या पोत्यात भरू नका. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं, कारण तिच्यात तेल जास्त असतं. ते तेवढंच करा.

आठ वर्षांच्या मुलीला महिन्याला अंदाजे 6 किलो ज्वारी-बाजरी, 3 किलो तांदूळ, 2 किलो डाळ-कडधान्य आणि 1 किलो शेंगदाणे धरा, तेल-भाजी-गूळ वेगळे. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कार्डावर माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदयला कुटुंबाला 35 किलो. त्यातला घरातल्या सगळ्यांच्या वाट्याचा तांदूळ आधी हिच्या नावाने बाजूला काढा आणि गहू मोठ्यांनी खावा. हा फेरबदल एकट्यानेच बराच खर्च वाचवतो. रेशन दुकानात गहू-तांदूळ एकाच मापाने मोजतात, तेव्हा तांदूळ निवडून तीन-चार पाण्यांनी धुतल्याशिवाय शिजवू नका.

आता लपलेला गहू. यात घरचीच माणसं फसतात, कारण पदार्थ ओळखीचे असतात. आपल्या येसरात (आमटीला लावायच्या भाजून दळलेल्या पिठात) बहुतेक घरी गहू भाजून घालतात. आमटी गव्हाशिवायची वाटते आणि पोट मात्र बिघडतं. ज्वारी किंवा बाजरी आणि हरभरा डाळ भाजून येसर करा, चवीत काही उणं पडत नाही. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि धपाट्यांच्या पिठात मूठभर गहू टाकायची सवय असते. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच, शेवयाही तशाच. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून तिच्या फोडणीत लसूण-जिरं वापरा, हिंग सोडा. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतं. ‘मल्टीग्रेन’ पिठात आणि नाचणीच्या बिस्किटात गहू किंवा मैदा असतोच असं धरून चाला. हळद, धने अख्खे आणून घरी कुटा. भगर दाणे स्वरूपात पाकिटातली घ्या. सुटं भगरीचं पीठ दमट हवेत बुरशी धरतं, आणि उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा होते.

भाजणी घरीच करा: ज्वारी 1 किलो, बाजरी अर्धा, तांदूळ पाव, हरभरा डाळ पाव, उडीद डाळ 100 ग्रॅम, धने 50, जिरे 25. प्रत्येक वेगळं मंद आचेवर भाजा. भाजलेला दाणा ठिसूळ होतो, म्हणून कच्च्या ज्वारीपेक्षा भाजणी मिक्सरवर कितीतरी सहज होते. महिनाभर टिकते, आणि कामाच्या दिवशी दहा मिनिटांत थालीपीठ होतं. शेंगोळे करायचे असतील तर हुलग्याच्या पिठात गव्हाऐवजी ज्वारीचं पीठ घाला. उकडून केलं की फुटत नाहीत.

स्वयंपाकघरात सगळंच दुसरं घ्यावं लागत नाही. स्टीलची पातेली, ताटं, डाव नीट घासले की चालतात. वेगळं हवंच ते चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी काठवट आणि तवा, कारण जाळीत आणि लाकडात पीठ अडकतं, आणि लोखंडी तव्यावर पोळीचं पीठ जळून बसतं. हिच्या वस्तूंना लाल कापडाची चिंधी बांधा, म्हणजे आजीच्याही लक्षात राहतं. क्रम पाळा: आधी हिची भाकरी-भाजी करून झाकायची, मग कणीक काढायची. कणीक चाळताना उडालेली धूळ दोन हातांवरच्या उघड्या भांड्यात बसते. पुऱ्या तळलेलं तेल तिच्या पदार्थाला नाही. सगळ्यात सोपं म्हणजे घरात एकच वेळ पोळी, एक वेळ सगळ्यांना भाकरी.

लोह-कॅल्शियम औषधाबरोबर ताटातूनही जायला हवं. फेब्रुवारीत हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून ठेवा, उन्हाळ्यात भाजी महाग झाली की तो कामाला येतो. शेवगा, तांदुळजा, तीळ, कारळाची चटणी, गूळ-शेंगदाणे. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको. सुरुवातीचे काही महिने दुधाने पोट फुगत असेल तर ते आतड्याच्या जखमेमुळे असू शकतं. तेव्हा दही-ताक सोसतं का पाहा आणि डॉक्टरांना सांगा. बाजारात परभणीच्या कृषी विद्यापीठाचा जास्त लोहाचा ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण मिळालाच तर घ्या, पण त्यासाठी धावाधाव नको.

हात अगदीच आखडला तर यातलं बरंच सोडून द्या. तांदूळ, डाळ, शेंगदाणे आणि थोडं तेल एवढ्यावर ती महिना काढेल. मात्र ‘एवढा महिना पोळी चालेल, पोट दुखत नाही’ असं कधीही करू नका. दुखणं थांबलं तरी आत जखम चालू असते, आणि तिचं वजन-उंची मागे पडते. वजन दर महिन्याला त्याच काट्यावर लिहून ठेवा. टीटीजीची (या आजाराची) रक्ततपासणी सहा महिन्यांनी आणि मग डॉक्टर सांगतील तशी. आकडा खाली येत नसेल तर घरात कुठेतरी गहू जातोय असं समजा. शोध येसर, हिंग आणि चाळणीपासून सुरू करा.

शाळेतली खिचडी तांदळाची असते, तरी ताईंना मसाला-हिंगाबद्दल विचारा आणि वर्गात बिस्किट वाटलं तर हिला देऊ नका असं लेखी द्या. लग्नकार्यात, हुग्गी-शिऱ्याच्या पंगतीत तिचा डबा बरोबर न्या आणि वेगळ्या पानावर वाढा. पोळपाटाजवळच्या भाजीत पीठ पडलेलं असतं, म्हणून ‘नुसती भाजी घे’ हेही नाही. चुकून खाल्लंच तर उलटी करवू नका. पेज, ताक, ओआरएस द्या, दोन दिवस हलकं जेवण ठेवा, आणि त्या दिवशी तिने काय काय खाल्लं ते वहीत लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांना ती वही दाखवा.