कॅमेरा कुठे ठेवायचा

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझी फिल्म काल रात्री दोनदा पाहिली. दार करकरतं, बाई वळते आणि तिथे तू कानठळ्या बसवणारा आवाज टाकला आहेस. मी दचकलो, पण दिवा मालवून झोपलो तेव्हा त्यातलं काहीच सोबत आलं नाही. म्हणून हे पत्र.

जपानी दिग्दर्शक कियोशी कुरोसावांचा ‘क्युअर’ बघ, 1997 चा. (आकिरा कुरोसावांशी यांचं नातं नाही, आडनाव तेवढं एक.) त्यात एका छोट्या पोलीस चौकीबाहेर, भर दिवसा, एक पोलीस आपल्या सहकाऱ्याच्या डोक्यात मागून गोळी घालतो. रोजचं काम उरकावं इतक्या शांतपणे. कॅमेरा लांब उभा आहे. क्लोजअप नाही, कट नाही. आपण रस्त्यावरचे बघे होऊन जातो; धावून जाता येत नाही आणि नजरही काढता येत नाही. त्यांच्याच 2001 च्या ‘कैरो’ चित्रपटात भूत चालत येतं, अगदी हळू, आणि मध्येच अडखळतं. बस, एवढंच. त्या तोल जाण्याने माझ्या अंगावर आजही काटा येतो, कारण पडता पडता सावरणाऱ्या भुताला शरीर आहे, असं वाटून जातं.

तू लिहिलंस की टीव्ही मालिकेतलं सहायकाचं काम घेतलं तर आयुष्य वाया जाईल. अरे, 1983 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, कुरोसावांचा पहिला चित्रपट आला तो प्रौढांसाठीचा ‘पिंक’ चित्रपट होता. दुसरा स्टुडिओने नाकारला. 1989 चा ‘स्वीट होम’ झाला आणि पुढे निर्मात्याशी कोर्टकज्जा. मग थेट व्हिडिओसाठी निघणारे गुंडांचे स्वस्त चित्रपट. 1995-96 मध्ये एकाच चित्रपट-मालिकेतले सहा! पैसे कमी, दिवस त्याहून कमी. अशा वेळी दहा कोनांतून शॉट घ्यायला सवडच नसते. कॅमेरा एकदाच, पण नेमक्या जागी ठेवावा लागतो. चौकीबाहेरचा तो शॉट याच तालमीतून आला, असं मला ठामपणे वाटतं. ‘क्युअर’ आला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा ‘रौप्य सिंह’ पुरस्कार मिळाला 2020 मध्ये, ‘वाइफ ऑफ अ स्पाय’साठी, आणि त्या चित्रपटात भूत नाही. त्याआधी ‘तोक्यो सोनाता’त नोकरी गेलेला बाप घरी काही न सांगता रोज सकाळी टाय लावून बाहेर पडतो. तेही बघ, भीती तिथेही आहे.

तेव्हा मालिकेचं काम घे. शूटिंगला जाशील तिथे रोज एक शॉट मनातल्या मनात दुसऱ्या जागेवरून लावून बघ आणि वहीत त्याचं चित्र काढ.

आणि तो दाराचा प्रसंग पुन्हा घे. आवाज काढून टाक, ट्यूबलाइट चालू ठेव, कॅमेरा जिन्याखाली ने. बाई वळली तरी लगेच कापू नकोस. झालं की पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
काका