धूर टळतो, नशा टळत नाही

वाचकांचे प्रश्न : गांजा, वाफ आणि धूर

इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरेआधी (रंगांच्या मिरवणुकीआधी) भांगेबद्दल चार ओळी छापल्या, तेव्हापासून आलेल्या पत्रांत भांग मागे पडली आहे आणि व्हेपोरायझरबद्दलच, म्हणजे पाला न जाळता तापवून वाफ देणाऱ्या यंत्राबद्दलच, जास्त विचारणा आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई टोरांटोला असतात. जावईबापूंच्या पाठीचं जुनं दुखणं आहे, त्यासाठी तिथल्या डॉक्टरांनी गांजा लिहून दिला आहे. आधी ते कागदात गुंडाळून ओढत. खोकला वाढला म्हणून व्हेपोरायझर घेतलं. नेहमीएवढाच माल भरला तर डोकं गरगरलं, उलटी झाली, दोन तास पडून होते. जळतच नाही, तर जास्त कसं चढलं? यंत्र बिघडलेलं आहे का? (एक वाचक, तुकोगंज)

उत्तर : यंत्र बहुतेक ठीक आहे, चूक ‘नेहमीएवढाच’ या शब्दात आहे.

गांजातला नशेचा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. विडी पेटली की त्यातला बराचसा दोन वाटांनी वाया जातो. काही जळत्या टोकाच्या उष्णतेत मोडून जातो, आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात विडी नुसती जळत असते तेव्हा काही हवेत उडून जातो. व्हेपोरायझरमध्ये पाला तापतो, पेटत नाही, त्यामुळे ही नासाडी कमी होते. म्हणून तेवढ्याच पाल्यातून रक्तात जास्त टीएचसी पोहोचतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली याची नीट मोजणी प्रसिद्ध केली. क्वचित गांजा घेणाऱ्या १७ जणांना वेगवेगळ्या दिवशी ०, १० आणि २५ मिलिग्रॅम टीएचसी असलेला गांजा एकदा धुरातून आणि एकदा वाफेतून दिला. मात्रा तीच असूनही वाफेनंतर रक्तातलं टीएचसी जास्त भरलं आणि परिणामही जास्त तीव्र झाला. २५ मिलिग्रॅमच्या वाफेनंतर दोघांना उलट्या झाल्या आणि एकाला भास झाले. तुमच्या जावयांचं झालं ते याच जातीचं.

त्याआधी २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत १८ जणांवर झालेल्या अभ्यासात मात्र दोन्ही प्रकारांत रक्तातलं टीएचसी साधारण सारखंच आलं होतं, पण वाफेनंतर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड कितीतरी कमी होता. धुरातले अपायकारक वायू वाफेत घटतात, याबद्दल दोन्हींत वाद नाही. नशा कमी होते असं मात्र दोन्हींपैकी कुठेच दिसलं नाही.

जावयांनी आता काय करावं, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण विचारताना हे मुद्दे हाताशी असू द्यावेत. ओढण्यावरून वाफेवर येताना मात्रा निम्म्यापेक्षा खाली आणून सुरुवात करावी. एक झुरका घ्यावा आणि घड्याळ लावून १५ मिनिटं थांबावं, कारण वाफेचा जोर साधारण १० ते ३० मिनिटांत शिगेला पोहोचतो. ‘काहीच वाटत नाही’ म्हणून तिसऱ्या मिनिटाला दुसरा झुरका घेणारेच पुढे भिंत धरून बसतात. श्वास रोखून धरण्यात काही हशील नाही. टीएचसी फुफ्फुसात काही सेकंदांत शोषलं जातं, रोखलेल्या श्वासातून फक्त त्रास वाढतो. पुन्हा चढलंच तर बसवावं किंवा कुशीवर झोपवावं, घोट घोट पाणी द्यावं, एकटं सोडू नये. या काळात नाडी मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढू शकते. तरुण माणूस ती सोसून नेतो, पण हृदयाचं दुखणं असलेल्याला ती महागात पडते. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपू लागली तर थेट रुग्णालयात न्यावं. आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. निदान सहा ते आठ तास तरी नाहीच.

प्रश्न : रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. टीएचसीचा उत्कलनबिंदू १५७ अंश सेल्सिअस असं जागोजागी वाचतो. मग ही यंत्रं १८०–२१० वर का चालवतात? आणि पाला २०० अंशांवर जळत कसा नाही? (सुदामा नगर)

उत्तर : सर, तो १५७ चा आकडा नेहमीच्या हवेच्या दाबाचा नाही. तो जवळजवळ निर्वातात घेतलेला आहे, आणि दाबाचा उल्लेख गळून तो एकटाच फिरत राहिला. तसं पाहता इथे काही उकळायची गरजच नाही. गच्चीवर वाळत घातलेलं धोतर पाणी न उकळता वाळतं, तसंच हे आहे. गरम हवेचा झोत पाल्यावरून गेला की टीएचसी त्या हवेबरोबर निघून येतं, आणि पुढे थंड होताना त्याचे बारीक थेंब बनतात. ज्याला वाफ म्हणतात ते खरं म्हणजे हे धुकं असतं.

त्याआधी आणखी एक पायरी आहे. कच्च्या फुलात टीएचसी नसतंच म्हणा, त्याचं आम्ल असतं. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी उरतं. १८० च्या पुढे हे झपाट्यानं होतं. साधारण २३० अंशांपासून सेल्युलोज करपू लागतं आणि वाफेच्या जागी धूर येऊ लागतो. म्हणून १८० ते २१० हा पट्टा ठरला. त्याच्याखाली बरंचसं पाल्यातच राहतं, वर गेलं की घसा ओरडतो. झुरका मारताना पेटत्या सिगारेटचं टोक ९०० अंशांच्या आसपास जातं. दोन्हींतला फरक या आकड्यांतच दिसतो.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात गडबड होते ती अशी. पाला भरड हवा, जाडसर रव्यासारखा. पिठासारखा दळला की जाळी बुजते आणि माणूस जोर लावून ओढू लागतो. ज्या यंत्रात गरम हवा पाल्यातून फिरते, त्यात जोरानं ओढलं की थंड हवा आत येऊन तापमान पडतं, आणि ‘यंत्र कमजोर आहे’ म्हणून तो मग आकडा वाढवतो. ज्या यंत्रात भांड्याच्या भिंतीच तापतात, त्यात कडेचा पाला करपतो आणि मधला हिरवाच राहतो. त्यात मध्येच एकदा ढवळावं लागतं. दाबून ठासलं तर दोन्हीत फसतं. ओला पाला असेल तर पहिले झुरके नुसत्या पाण्याच्या वाफेचे. पडद्यावर दिसणारा आकडा बहुतेक यंत्रांत तापकाचा असतो, पाल्याचा नसतो, त्यामुळे १०–१५ अंशांची गफलत गृहीत धरावी. उरलेल्या पाल्याचा रंग हा त्याहून भरवशाचा. बदामी ते तपकिरी असेल तर काम बरोबर झालं, काळा पडला किंवा राख दिसली तर तो जळला. मग नाव काहीही द्या, तो धूरच.

कार्यक्षमतेचंही सांगतो. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात वाफ आधी फुग्यात भरून मग ओढायला देणाऱ्या व्हेपोरायझरवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, शुद्ध टीएचसी वापरूनसुद्धा घातलेल्यापैकी सुमारे ५४ टक्केच फुग्यात आलं, आणि आत ओढलेल्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडलं. म्हणजे इथेही गळती आहेच, फक्त विडीपेक्षा कमी.

प्रश्न : भंवरकुआँला क्लाससाठी राहणाऱ्या मुलाच्या बॅगेत पेनासारखं काही सापडलं. आत मधासारखं घट्ट तेल आहे. तो म्हणतो, ‘बाबा, हा गांजा नाही, व्हेप आहे, यात धूरच नसतो.’ खरं मानावं का?

उत्तर : धूर नसतो एवढं खरं. बाकीचं मानू नका.

वरच्या दोन उत्तरांतलं यंत्र पाला तापवतं. हे पेन तापवतं ते अर्क, आणि इथे गल्लत करून चालणार नाही. चांगल्या फुलात टीएचसी १५–२० टक्के असतं. अर्कात ते ७० ते ९० टक्क्यांपर्यंत नेतात. युरोपातल्या अनेक शहरांच्या २०१९ च्या एकत्रित अभ्यासात, १० टक्क्यांहून अधिक टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचं प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळलं. तेसुद्धा १० टक्क्यांच्या वर. कोवळ्या वयात ही जोखीम आणखी वाढते, आणि अभ्यासाला बसलेल्या मुलाची स्मरणशक्ती आणि लक्ष तर आधीच जातं.

दुसरा धोका तेलात मिसळलेल्या वस्तूंचा. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा तेलाच्या काडतुसांमुळे (पेनात बसवायच्या तेलाच्या नळ्यांमुळे) फुफ्फुसाच्या गंभीर आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. दोषी ठरलं मुख्यतः ई-जीवनसत्त्वाचं अ‍ॅसिटेट. तेल दाट दिसावं म्हणून ते चोरट्या बाजारातल्या मालात मिसळलेलं होतं. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुफ्फुसातल्या द्रवात ते सापडलं. खाल्लं तर निरुपद्रवी, पण फुफ्फुसात गेलं की घातक. इथे मिळणाऱ्या अशा काडतुसावर कोणाचीच तपासणी नसते. मुलाला दम लागत असेल, खोकला, ताप, उलट्या असं काही असेल तर छातीचा डॉक्टर गाठा आणि पेनची गोष्ट लपवू नका. न्यूमोनिया समजून उपचार होण्यात दिवस वाया जातात.

कायद्यात तर ‘हा गांजा नाही’ हे वाक्य त्याच्यावरच उलटेल. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात हशीश तेलासारखा अर्क ‘चरस’ या व्याख्येत धरला आहे. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅमपर्यंत, तर गांजाची एक किलोपर्यंत. अल्प मात्रा असली तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. याच कायद्याच्या ६४-अ कलमात, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. ही वाट लक्षात ठेवा.

मुलाशी बोलताना रागाचं पहिलं वाक्य गिळा. किती दिवसांपासून, किती वेळा, एकटा की मित्रांबरोबर, एवढंच विचारा. रोजचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

प्रश्न : चिलमीला ओली साफी (तोंडाशी धरायचं फडकं) लावली किंवा धूर पाण्यातून घेतला तर तो गाळला जातो ना? साधू लोक तसंच करतात. (छत्रीबाग)

उत्तर : साफीत अडकते ती राख आणि मोठे कण. पाण्यानं धूर गार होतो, म्हणून घशाला टोचत नाही आणि माणूस आणखी खोल ओढतो. कार्बन मोनॉक्साइड तर पाण्यात जवळपास विरघळतच नाही. १९८८ च्या एका अमेरिकन अभ्यासात तंबाखूच्या सिगारेटपेक्षा गांजाच्या विडीतून सुमारे तिप्पट डांबर आत गेलं आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड पाचपट चढला, मुख्यतः खोल ओढण्यानं आणि श्वास रोखण्यानं. चिलमीत तंबाखू मिसळली की निकोटिनचं व्यसन फुकटात मिळतं, ते वेगळंच.

प्रश्न : वाफ घेऊन उरलेला पाला टाकून द्यावा की त्यात काही उरतं? आणि भांग इतकी उशिरा का चढते?

उत्तर : उरतं, आणि हेच पुष्कळांना माहीत नसतं. तपकिरी झालेल्या पाल्यात काही टीएचसी शिल्लक असतं, शिवाय ते आधीच तापून तयार झालेलं. जाळून उरते ती राख. हा पाला मात्र खाल्ला तर चढतो. म्हणून तो वाटीत उघडा ठेवू नये; लहान मूल किंवा कुत्रं तोंडाला लावतं.

पोटातून घेतलेलं आधी यकृतातून जातं. तिथे टीएचसीचं रूप बदलून आणखी जोरकस घटक तयार होतो. त्याला वेळ लागतो. असर अर्ध्या ते दोन तासांनी सुरू होतो आणि सहा-आठ तास टिकतो. वाफ किंवा धूर दोन-चार तासांत उतरतो. ठंडाईचा एक ग्लास घेतला, तासभर काही झालं नाही म्हणून दुसरा घेतला, आणि मग दोन्ही एकदम, हा गेरेच्या दिवशीचा ठरलेला प्रकार आहे. फक्त पानं असलेली भांग १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत येत नाही, म्हणून आपल्याकडे तिचे परवाना असलेले ठेके चालतात. फुलं असलेली तीच वनस्पती म्हणजे गांजा. (इंग्रजी अमलात मध्य प्रांतातली परवान्याची गांजाशेती आपल्या शेजारच्या खंडव्यात होती, हे आज सांगून खरं वाटत नाही.)

प्रश्न : पहिल्या पत्रात विचारायचं राहिलं. जावई दिवाळीला इंदूरला येणार आहेत. डॉक्टरांचा कागद सोबत असेल तर यंत्र आणि थोडं औषध आणता येईल का? (तुकोगंज)

उत्तर : नाही, दोन्ही नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, पण तिथल्या डॉक्टरांच्या कागदानं इथे गांजा आणता येत नाही; एक ग्रॅमसुद्धा आयातीचा गुन्हा ठरतो. यंत्रही नको. ई-सिगारेटवरच्या २०१९ च्या कायद्यात ‘एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं विजेवरचं साधन’ अशी व्यापक व्याख्या आहे, निकोटिन असो वा नसो. आयातीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय वापरलेल्या यंत्राच्या जाळीवर चिकट राळ असते, ती पुसून पूर्ण जात नाही.

त्यांनी निघण्याआधी महिनाभर तिथल्या डॉक्टरांशी बोलून मात्रा हळूहळू कमी करावी. रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केलं तर पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप न लागणं, भूक मरणं सुरू होतं; पहिल्या आठवड्यात ते सर्वांत जास्त असतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. दिवाळीच्या फराळाला त्यांनी हात लावला नाही तर रुसू नका. पाठीसाठी इथे चालणारी दुसरी औषधं त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगा, आणि दुखणं वाढलंच तर इथल्या डॉक्टरांना गांजाची मात्रा खरी सांगा. भूल द्यायची वेळ आली तर ती माहिती फार लागते.