रेम्ब्रांटच्या घरात त्याची चित्रंच नाहीत, मग अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन ते घर बघावं का? (सोबत आई आहे, गुडघे दुखतात)

बघाच. ‘तिथे नकली सामान मांडून ठेवलंय’ असं सांगणारे तुमचे मित्र आणि माझा चुलतभाऊ एकाच माळेचे मणी दिसतात, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

सामान त्याचं नाही, हे खरं. या डच चित्रकाराने 1639 साली ते घर 13,000 गिल्डरला (तिथलं तेव्हाचं चलन) घेतलं, ‘नाइट वॉच’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र काढलं तेव्हा तो तिथेच राहत होता. पण घराचे पैसे काही फिटले नाहीत आणि 1656 मध्ये दिवाळं वाजलं. मग सरकारी माणसं आली आणि खोली न् खोली फिरून सगळं लिहून घेतलं. 363 नोंदी. भिंतीवरची चित्रं, रोमन बादशहांचे पुतळे, शंख-शिंपले, शस्त्रं, काही म्हणून सोडलं नाही. सामान लिलावात गेलं, घरही गेलं. 1911 मध्ये तिथे म्युझियम झालं, आणि आज घर जसं लावलेलं दिसतं ते त्या जप्तीच्या यादीवरून.

भाची आइंडहोवनला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा बघितलं. वर रेम्ब्रांट रंगवायचा ती मोठी खोली आहे. तिथे एक मुलगी रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटत होती. घोटायचं, सुरीने खरवडून मधे गोळा करायचं, परत घोटायचं. लोक दोन मिनिटं बघून पुढे जात होते. मी हललो नाही.

आमचे धाकटे काका गोव्यात डिचोलीकडच्या गावांतून जत्रेच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता. मांजरपाट, आणि सरस उकळून त्यात कालवलेले पुडीचे रंग. पडदा सोप्यावर मावायचा नाही, म्हणून राजांगणात अंथरायचे आणि अनवाणी त्याच्यावरून चालत काठीला बांधलेल्या ब्रशाने आकाश ओढायचे. खांबांच्या सावल्या मात्र ओणवं होऊन, हातानेच. सावली चुकली की राजवाडा पत्र्याचा दिसतो, म्हणायचे.

काका गेल्यावर घर विकायचं ठरलं. मी एवढंच म्हटलं, थांबा, आधी काय काय आहे ते वहीत लिहू. चुलतभाऊ मुंबईहून सुट्टी काढून आलेला. ‘पडदे फाटून गेले, दोन लाकडांवर झाकलेत, लिहायचंय काय? रंगाचे डबे?’ भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि जेवणाच्या आत घर रिकामं.

अ‍ॅमस्टरडॅमहून त्याला फोटो पाठवले, खाली त्या यादीचं लिहिलं. उत्तर आलं, ‘अरे तो रेम्ब्रांट, आपले काका.’ काय बोलणार! ती यादी करणाऱ्यांना रेम्ब्रांटच्या थोरवीशी काही देणंघेणं नव्हतं. देणेकऱ्याच्या घरात विकण्याजोगं काय आहे, एवढंच बघायला आले होते. उद्या आमच्याकडे जप्ती आली असती तर काकांचेही डबे कागदावर आले असते.

गोव्यात तरी दुसरं काय आहे? सांग्याचे चित्रकार त्रिंदाद, 1870 चा जन्म, त्यांना लोक ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणायचे. त्यांची चित्रं पणजीला फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे बघायला मिळतात, आणि बघावीच. पण ते त्यांचं घर नव्हे.

तुमचा प्रश्न राहिलाच. तिकीट आधी ऑनलाइन काढा. ‘त्याचं काहीच नाही’ हेही खोटं, त्याची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं) जवळजवळ सगळी या म्युझियमकडे आहेत. एका वेळी थोडीच लावतात. पेंटिंग्ज अ‍ॅमस्टरडॅमच्याच रिक्सम्युझियमला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात, तो दिवस वेगळा ठेवा. जिने मात्र जुन्या घराचे, अरुंद आणि उभे. तुमच्या आईंना ते झेपणार नाहीत असं माझं मत, हे वरतीच सांगायला हवं होतं. त्यांना रिक्सम्युझियमला न्या, तिथे लिफ्ट आहे, आणि या घरी तुम्ही एकटे जाऊन या.

आणि चुलतभाऊ हे वाचत असेल तर, काकांची ब्रशांची पेटी तू त्या दिवशी गाडीत टाकलीस असं वहिनी म्हणाल्या. आत किती ब्रश आहेत ते मोजून मला कळव.