वडिलांची तालीम कोल्हापूरची, माझा जन्म पुण्याचा; मग मी कोणत्या क्लबचा?

तुमचे वडील कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, पाटाकडील तालमीचे. सुट्टीत ते तुम्हाला शाहू स्टेडियमवर न्यायचे. आणि आता ऑफिसातला कोल्हापूरचा मित्र म्हणतो, जन्म पुण्याचा असताना पीटीएमचा, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमचा, म्हणवून घ्यायचा तुला हक्क नाही. मित्राचं चुकतंय. तुम्ही पीटीएमचेच. जन्माच्या दाखल्याला फुटबॉलमध्ये काडीची किंमत नाही. आडनावालाही नाही. हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण आमच्या घरात याच मुद्द्यावरून माझ्या मुलीच्या बारशापासून भांडण चालू आहे.

मी मंगळवार पेठेतली. दिली शिवाजी पेठेत, शिवाजी तरुण मंडळाच्या घरात. दोन्ही टीम एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी, कोल्हापूरच्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, म्हणजे मुलीचा जन्म आमच्या पेठेतला आणि घराणं त्यांच्या पेठेतलं. बारशाला माझा दादा पाळण्यात ठेवायला पीटीएमची जर्सी घेऊन आला. खास शिवून घेतलेली, तळहाताएवढ्या बाह्यांची. पाठीवर १० नंबर आणि त्याच्या वर नावाची जागा कोरी. नाव ठेवायचा मान आत्याचा, तिनं सांगेपर्यंत ते कुणी उच्चारायचं नाही, म्हणून त्यानं जागा सोडली होती. संध्याकाळी नाव छापून आणणार होता.

माझ्या नणंदेनं पाळण्यातली जर्सी बघितली आणि काही बोलली नाही. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. ती वाकली, कुर्र केलं आणि बाळाच्या कानात पहिला शब्द म्हणाली, 'शिवाजी'. तोही चांगला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तिच्या पाठीत बुक्के घालणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. मग तिनं खरं नाव सांगितलं.

दादा भडकला. पोरगी आमच्या पेठेत जन्मलीय, पहिलं नाव आमच्या टीमचं पाहिजे होतं, म्हणाला. आबा, म्हणजे माझे सासरे, तोवर पानाचा डबा घेऊन शांत बसले होते. ते म्हणाले, "जन्म कुठं झाला ते दवाखाना सांगतोय. टीम आडनाव सांगतंय." आणि माझ्याकडं वळून, "लग्न झालं की बाईची पेठ बदलती, टीम बी बदलती. हिची नाही का बदलली?"

माझी बदलली नव्हती. मला कुणी विचारलंच नव्हतं. भरल्या घरात, मांडीवर लेकरू घेऊन मी सांगितलं, "आबा, माझी टीम पीटीएमच आहे आणि तीच राहणार." घुगऱ्या वाटेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. जर्सीवर नाव शेवटपर्यंत छापलं गेलं नाही, ती अजून माझ्या कपाटात तशीच आहे.

आता मी पीटीएमची कशी झाले ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. माझे वडील आम्हा दोघांना सायकलवरून मॅचला न्यायचे, मी पुढं दांडीवर आणि दादा मागं कॅरिअरवर. चारच्या मॅचला पायऱ्या इतक्या तापलेल्या असायच्या की ते आधी स्वतःचा रुमाल अंथरायचे, मग मला बसवायचे. भडंगाची पुडी दोघांत एक. मुलीला कशाला आणलंय असं विचारणारे तेव्हाही होते, त्यांना वडील उत्तर देत नसत. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांनी मला भडंगातले शेंगदाणे पायरीवर मांडून शिकवलं. वडील पेठेतले होते म्हणून मला पीटीएम मिळाली हे खरं. पण त्यांनी फक्त दादाला नेलं असतं, जसं बहुतेक घरांत होत होतं, तर त्याच पेठेत जन्मून आणि तेच आडनाव लावून मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळलं नसतं. तुमच्या वडिलांनी तुमच्यासाठी नेमकं हेच केलंय.

पेठेची टीम एवढी का चिकटते, हे पुण्यात राहून लक्षात येणं अवघड आहे. तालमीची टीम हा नुसता क्लब नसतो. त्याच तालमीत कुस्तीची माती, तोच गणपती, तीच मिरवणूक, कुणाच्या घरात मयत झालं तर धावून येणारी तीच पोरं. २०१९ च्या महापुरात घराघरांतून माणसं बाहेर काढायला आणि जेवण पोचवायला तालमींची पोरं होती. फुटबॉल हा त्यातला एक भाग. म्हणून रविवार पेठेचा माणूस दिलबहार तालमीचा असतो आणि त्याला कारण विचारलं तर तो तुमच्याकडं बघतच राहतो. खेळाडू टीम बदलतात, हल्ली नायजेरियाचे खेळाडूही येऊन खेळतात. पायऱ्यांवरचा माणूस बदलत नाही.

मित्राच्या न्यायानं तुम्ही जन्मगावच्या क्लबचे व्हायला पाहिजे. कोणत्या? पुणे एफसी बंद पडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि आयएसएलमधली, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली, त्याची जागा हैदराबादला गेली. जन्म पुण्याचा म्हणून जे त्या क्लबमागं उभे राहिले, त्यांनी काय करायचं, हैदराबादला जायचं? तालीम उठून दुसऱ्या शहरात जात नाही.

आबांचा आवडता दाखला कोलकात्याचा. ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली घरं त्या क्लबमागं उभी राहिली आणि ज्यांनी ढाका, बरिसाल कधी डोळ्यांनी बघितलं नाही अशी त्यांची नातवंडं आजही जिंकल्यावर घरी इलिश मासा आणतात. आबा म्हणतात, बघ, रक्त. मी म्हणते, १९११ ला इंग्रज फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकणारी मोहन बागानची, म्हणजे ईस्ट बंगालच्या आजच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याची, टीम बघा. त्या अकरा जणांत कितीतरी पूर्व बंगालच्या मुळांचे होते, कप्तान शिबदास भादुरी धरून. त्या वेळी ईस्ट बंगाल क्लबच नव्हता, ते मोहन बागानचे होते आणि जीव तोडून खेळले. रक्त तेच, क्लब दुसरा.

स्पेनमधला अॅथलेटिक बिल्बाओ तर बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथं घडलेले खेळाडूच घेतो. जगात मुळांना एवढं धरून बसलेला दुसरा मोठा क्लब मला माहीत नाही. त्यात विल्यम्स बंधू आहेत. आईवडील घानाचे, थोरला इन्याकी बिल्बाओत जन्मला, धाकटा निको पाम्प्लोनात. २०२२ च्या वर्ल्ड कपला थोरला घानाकडून उतरला आणि धाकटा स्पेनकडून. सख्खे भाऊ, एकच आडनाव, दोन देश, आणि क्लब मात्र एकच, कारण दोघंही तिथं खेळत वाढले. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ते परदेशातलं झालं.

म्हणून घरातलं उदाहरण देते. माझी मुलगी आज शिवाजीची आहे, कट्टर. आबा पेठभर सांगत फिरतात की आडनाव जिंकलं. आडनाव नाही जिंकलं, आबा जिंकले. माझी नोकरी दुपारची. दादा कामासाठी इचलकरंजीला गेला. आबा रिटायर झालेले, ते तिला चार वर्षांची असल्यापासून स्कूटरवर पुढं उभी करून प्रत्येक मॅचला नेत आले. पावसात सामना थांबला की स्वतःचा कोट तिच्या डोक्यावर धरून बसायचे. तिला कुणी नेलं नसतं तर काय झालं असतं, तेही आमच्याच घरात दिसतं. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा पिंपरीत वाढला. आडनाव तेच, आजोबा तेच. शिवाजीच्या एका खेळाडूचं नाव त्याला सांगता येत नाही, तो मँचेस्टर सिटीची जर्सी घालून फिरतो. आडनावात टीम असती तर ती त्याच्यातही उतरायला पाहिजे होती. यावर आबांनी आजपर्यंत उत्तर दिलेलं नाही, विषय काढला की चहा मागतात.

आणि बाईची टीम लग्नानंतर बदलते म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. माझी मुलगी शिवाजीची आहे याचा आबांना एवढा अभिमान आहे ना? उद्या तिला मंगळवार पेठेत दिली तर तिनं काय करायचं ते आबांनी आजच सांगावं.

बाकी, पेठेच्या निष्ठेचं सगळंच गोड नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. पायऱ्यांवरून आयाबहिणींवरून शिव्या येतात, दगड, बाटल्या येतात, सामने अर्ध्यावर थांबवावे लागलेत, कोवळ्या पोरांवर पोलिस केस झाल्यात. मुळांचा अभिमान म्हणून हे कुणी खपवत असेल तर त्याच्या जवळ बसू नका. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा आमच्या दोन्ही पेठांच्या घरांत सारखंच ओरडणं झालं. तेही जमतं माणसांना. आणि मी बोलतेय ते कोल्हापूरचं, गोव्यातल्या गावांचं गणित वेगळं असू शकेल.

तुम्हाला टीव्हीवर लिव्हरपूल आवडत असेल तर खुशाल बघा, त्यानं काही बिघडत नाही. पण हंगाम साधारण डिसेंबरच्या आसपास सुरू होतो. वडिलांना घेऊन या आणि चारची मोठी मॅच असेल तर तीनच्या आत पायऱ्यांवर बसा, नंतर जागा मिळत नाही. तुमच्या त्या मित्राला विचारा, तू शेवटचा शाहू स्टेडियमवर कधी गेला होतास? त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा जुनं निघालं तर हक्काची भाषा त्यानं करू नये.